ई-स्कूटर, पिठाची गिरणी आणि आमच्या घरचं अर्थिंग

ई-स्कूटर घेऊन आता वर्ष होऊन गेलं आणि ऑफिसात दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच की बाई परवडते का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

मी राहते वारज्याला, ऑफिस हिंजवडीत. जाऊनयेऊन ३० किमी, इकडचं तिकडचं धरून महिन्याला ८०० च्या आसपास होतात. जुनी पेट्रोल स्कूटर चांदणी चौकाच्या ट्रॅफिकमध्ये ४० च्या वर ॲव्हरेज द्यायची नाही आणि पेट्रोल तेव्हा १०४, म्हणजे दोन हजार निव्वळ पेट्रोलचे, ऑइल-सर्व्हिसिंग वेगळं. डिसेंबर २०२४ मध्ये ३ युनिट वीज मावेल अशा बॅटरीवाली घेतली. तेव्हा पीएम ई-ड्राइव्ह या केंद्राच्या योजनेची सबसिडी बॅटरीच्या प्रत्येक युनिटला ५००० होती पण वर मर्यादा १०,००० ची, त्यामुळे मला दहाच मिळाले, नंतर एप्रिलपासून तीही निम्म्यावर आणली. जीएसटी मात्र ५ टक्केच. सबसिडीसाठी शोरूममध्ये आधार दाखवून ई-व्हाउचर काढतात त्यावर सही करायची, दहा मिनिटांचं काम, पण सर्व्हर डाउन होता म्हणून दोन चकरा झाल्या. इलेक्ट्रिक गाड्यांना असते ती हिरवी नंबरप्लेट बघून शेजारच्या आजींनी विचारलं, सरकारी गाडी मिळाली का गं?

सोसायटीत मात्र तीन महिने गेले. मला फक्त माझ्या स्वतःच्या मीटरवरून पार्किंगपर्यंत वायर आणायची होती, सोसायटीचा एक रुपया नको होता, तरी सेक्रेटरी काका म्हणे आग लागली तर जबाबदार कोण. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं, मार्च २०२२ मध्ये आपल्या पुण्यातच ई-स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला होता. मग मी त्यांना दाखवलं की त्यानंतर बॅटरीचे नियम कडक झालेत आणि आहे त्या घरगुती कनेक्शनवरून गाडी चार्ज करायला केंद्राच्या गाइडलाइन्समध्ये परवानगी आहे. हवं तर गाडीसाठी वेगळं कनेक्शनही घेता येतं, २०२४ पासून तसा नियमच आहे, पण एका स्कूटरसाठी वेगळा स्थिर आकार कोण भरत बसणार. शेवटी २२ मीटर वायर, वेगळा एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारा खटका), १५ अँपिअरचं सॉकेट आणि कुलूप लागणारी पत्र्याची पेटी, साडेसहा हजारात काम झालं. आता तेच काका विचारतात, आमच्या सुनेला घ्यायचीये, तुमचा वायरमन कोण?

इथंवर ठीक होतं. खरी गंमत भोरला झाली.

आमचं गाव भोरच्या पुढं ८ किमी, वारज्यावरून साधारण ६० पडतं. कंपनीच्या कागदावर रेंज भरपूर लिहिलेली असते, माझी गाडी शहरात ८५ देते, तेही जपून चालवली तर. हायवेला ६५-७० नी गेलं की ती भराभर उतरते हे मला माहीत होतं पण अंगवळणी पडलेलं नव्हतं, त्यामुळं कात्रजच्या बोगद्यापर्यंतच्या चढानंच घाम फोडला, पुढं उतारावर थोडं चार्जिंग परत मिळालं (ब्रेक लावला की मोटर उलटी वीज बनवते, ते काम घाटात छान होतं), कापूरहोळला वळल्यावर जीव भांड्यात पडला आणि घरी पोचले तेव्हा १४ टक्के.

चार्जर लावला तर लाल दिवा. दुसऱ्या खोलीत लावला, लाल. चार्जरची पिन मोठी, मोठ्या पिनेची सॉकेट घरात दोनच, एक स्वयंपाकघरात आणि एक फ्रीजमागे. सगळीकडे लाल. अण्णा म्हणाले, तुझी गाडीच बिघडली.

वायरमन दादा आले. त्यांनी होल्डरमध्ये बल्ब लावला, त्याच्या दोन वायरी काढल्या, एक फेजला आणि एक न्यूट्रलला लावली तर बल्ब लख्ख. मग न्यूट्रलची काढून वरच्या तिसऱ्या भोकात घातली, बल्ब मेला. म्हणाले, ताई, हे भोक शोभेचं आहे, मागं काहीच जोडलेलं नाही. घर बांधलं तेव्हापासून अर्थिंगच, म्हणजे गळणारी वीज जमिनीत नेऊन सोडणारी वायरच, नव्हती! फॅन टीव्ही मिक्सर सगळं आयुष्यभर चाललं, कोणाला पत्ताच नाही, आणि ही गाडी आली तर म्हणे अर्थ नाही तर मी चार्ज होणार नाही. तेव्हा वैताग आला होता, आता वाटतं चार्जर शहाणा निघाला.

सोमवारी ऑफिस, गाडीत १४ टक्के. मग दादांनीच सुचवलं की गिरणीत थ्री फेज मोटर आहे, तिथं अर्थिंग नक्की चांगलं असणार. गाडी ढकलत नाही पण हळूहळू गिरणीवर नेली, ओट्यावर लावली, हिरवा दिवा लागला. साडेचार तास मी तिथं बसून. शेवटचे वीस टक्के जायला तर फारच वेळ लागतो, आणि येणारी प्रत्येक बाई आपला डबा ठेवून विचारणार, ही पण दळायला आलीय का? संध्याकाळी गाडी पांढरीफटक झाली होती. गिरणीवाल्या काकांनी पैसे घेतले नाहीत, मीच हिशोब करून तीस रुपये ओट्यावर ठेवले.

पुढच्या फेरीला घरच्या अर्थिंगसाठी खड्डा खणला, माझ्या गळ्यापर्यंत खोल. त्यात पाइप, भोवती लाकडी कोळसा आणि खडा मीठ थर देऊन, वरून पाणी. एकूण साडेतीन हजार. उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहायचं, ते काम अण्णांनी तुळशीच्या पाण्याबरोबर स्वतःकडे घेतलंय.

पुण्यातला हिशोब म्हणाल तर महिन्याला ३३ युनिट जादा जळतात, सगळे आकार धरून आम्हाला युनिट बाराला पडतं, म्हणजे चारशे. फक्त तुमचं बिल १०० किंवा ३०० युनिटच्या काठावर असेल तर स्लॅब बदलतो आणि वरच्या युनिटना जास्त दर लागतो, ते आधी बघा. आणि गावी जायचं असेल तर आधी बल्ब लावून बघा.

आमचा जुना फ्रीज हात लावला की झिणझिणायचा, म्हणून आई तो उघडताना नेहमी चप्पल घालायची. अर्थिंग केल्यापासून ते बंद झालंय. तिला सांगितलं, दाखवलं पण. चप्पल अजून तिथंच असते फ्रीजसमोर, आणि ती घालूनच उघडते.