इंदूरहून अंदमान : समुद्रावरचं तिकीट हाती असल्याशिवाय एक पैसा भरू नका

आधी निकाल सांगतो, कारण पुढचं सगळं वाचायला प्रत्येकाला वेळ नसतो. इंदूरहून अंदमानला जाणार असाल तर चेन्नई किंवा कोलकात्यापासून अंदमानची राजधानी पोर्ट ब्लेअरपर्यंतचं विमानाचं तिकीट पक्कं होईस्तोवर हॉटेल, बोट, टॅक्सी कशाचीही आगाऊ रक्कम भरू नका. एजंट कितीही गोड बोलला तरी नाही. बाकी सगळं मागेपुढे करता येतं, हा एक टप्पा करता येत नाही. सध्या पैसेही तिथेच जातात आणि दिवसही तिथेच जातात.

आम्ही निघालो आईसाठी. सावरकरांची कोठडी डोळ्यांनी बघायची, एवढंच तिचं मागणं होतं. सोबत ताई-भाऊजी आणि मुलं. गावातल्याच एका एजंटकडे पॅकेज घेतलं. तो म्हणाला, "काका, चेन्नईहून रोज भरपूर विमानं आहेत. सकाळी इंदूर, दुपारी चेन्नई, संध्याकाळी समुद्रावर चहा. बिनधास्त राहा." त्यानं कागदावर काढून दिलेला बेत तसाच होता आणि त्यावर विश्वास ठेवूनच आम्ही स्वराज द्वीपची, म्हणजे जुन्या हॅवलॉकची बोट दुसऱ्याच सकाळची काढली.

निघायच्या तीनेक आठवडे आधी निरोप आला की चेन्नईहून दुपारचं विमान बंद झालंय, तुम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानात टाकलंय. कारण काही नाही, माफी नाही. नियम असा आहे की विमान कंपनीनं दोन आठवड्यांहून आधी कळवलं तर नुकसानभरपाई द्यावी लागत नाही. फक्त पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा, आणि यातलं काय घ्यायचं ते प्रवाशानं ठरवायचं.

इथे नीट लक्ष द्या, कारण याच जागी भाऊजींचं कुटुंब भरडलं गेलं. एजंटनं त्यांना सांगितलं की परतावा घ्या, मी दुसऱ्या कंपनीचं त्याच दिवशीचं काढून देतो. परतावा मिळाला जुन्या दरानं, माणशी साडेसहा हजारांच्या आसपास. नवं तिकीट बघायला गेले तर चौदा हजारांवर, तेही त्याच दिवशीचं नाही! दोन दिवसांत ते आणखी चढलं. शेवटी आमच्याच सकाळच्या विमानात, दुपटीहून जास्त पैसे मोजून ते बसले. एकाच रांगेत आम्ही आणि ते, खिडकी तीच, सँडविच तेच.

म्हणून सांगतो, विमान रद्द झालं तर परतावा मागू नका, पर्यायी विमान मागा. परतावा कालच्या भावानं मिळतो आणि नवं तिकीट आजच्या भावानं घ्यावं लागतं. सोयीची तारीख देत नसतील तर फोनवर अडून बसा, ईमेल करा, सरकारच्या एअरसेवा या विमान-तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार टाका. कंपनीनं स्वतः विमान रद्द केलंय तेव्हा तुम्ही उपकार मागत नाही आहात.

हे असं का होतं ते समजून घेतलं की बेत आखणं सोपं जातं. गोव्याचं विमान महागलं तर माणूस रेल्वेनं जातो, बसनं जातो, स्वतःची गाडी काढतो. अंदमानला चेन्नईपासून तेराशेहून जास्त किलोमीटर नुसता समुद्र आहे. विमान नको असेल तर जहाज, आणि जहाजाला साधारण तीन दिवस. त्यामुळे या मार्गावर एक जरी विमान कमी झालं तरी त्यातले प्रवासी दुसरीकडे जात नाहीत, उरलेल्या विमानांवर येऊन आदळतात. भाडं भडकतं ते असं. आपल्याकडे भाडं ठरवायचा अधिकार कंपन्यांना आहे. करोनाच्या काळात, मे २०२० मध्ये, सरकारनं खालची-वरची मर्यादा घातली होती, ती ३१ ऑगस्ट २०२२ ला उठली. डिसेंबर २०२५ मध्ये देशभर विमानं रद्द होऊन गोंधळ माजला तेव्हा पुन्हा वरची मर्यादा आणावी लागली, पण ती तेवढ्यापुरती तजवीज. एरवी मोकळं रान.

त्यात खेळाडूच कमी झालेत. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली, इंजिनं मिळत नव्हती म्हणून तिची निम्मी विमानं आधीच जमिनीवर उभी होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. या तिन्ही कंपन्या पोर्ट ब्लेअरला जायच्या. पूर्वी पाच ठिकाणी भाव विचारता यायचा, आता दोन-तीन ठिकाणी, आणि तिथेही आकडे शेजारी-शेजारी.

तिसरी गोष्ट पोर्ट ब्लेअरच्या विमानतळाची. वीर सावरकर विमानतळाची नवी इमारत जुलै २०२३ मध्ये उघडली. शंखाच्या आकाराची, प्रशस्त, देखणी. पण इमारत मोठी झाली म्हणून विमानं वाढत नाहीत. धावपट्टी नौदलाची आहे, एका बाजूला टेकड्या, त्यामुळे विमान उतरतं ते बहुतेक एकाच दिशेनं. वाऱ्यानं दगा दिला तर विमान घिरट्या घालून परत चेन्नईला किंवा कोलकात्याला जातं. बरीचशी वाहतूक सकाळ ते दुपार यातच उरकते. सकाळचं हुकलं तर संध्याकाळचं पकडू, हा आपला मुंबई-दिल्लीचा हिशेब इथे चालत नाही.

आता चेन्नईची रात्र. एजंटच्या कागदावर ती नव्हतीच, आणि सगळ्या सहलीत मला सगळ्यात जास्त चीड तिची आली. दुपारचं विमान बंद झाल्यामुळे इंदूरहून येणाऱ्याला चेन्नईत मुक्काम करणं भाग पडतं. म्हणजे जाताना एक हॉटेल, आणि परतीचं जुळलं नाही तर येताना दुसरं. विमानतळाजवळची, मीनंबाक्कम-पल्लावरमच्या बाजूची हॉटेलं हे पुरतं ओळखून आहेत. ओलसर भिंती, खिडकी उघडली की समोर दुसरी भिंत, आणि भाडं बेचाळीसशे. बाहेरच्या रिक्षावाल्यानं दोन किलोमीटरला पाचशे मागितले आणि सामान जास्त म्हणून वर शंभर. पहाटे साडेतीनला उठून आईला तयार करायचं, चारला निघायचं. गुडघे दुखणाऱ्या माणसाची झोप मोडून कसली आली सहल?

त्यातून वाट काढायची तर विमानतळासमोरच तिरुसुलम हे लोकल गाडीचं स्टेशन आहे आणि मेट्रो तर विमानतळातूनच निघते. अगदी जवळचं हॉटेल घेण्यापेक्षा लोकलनं किंवा मेट्रोनं चार-पाच स्टेशनं शहराकडे जा. तिथे त्याच पैशांत स्वच्छ खोली आणि खाली चांगली इडली मिळते. पण पहाटेचं विमान असेल तर मेट्रो तेव्हा सुरू नसते, विमानतळावर परतायची गाडी रात्रीच ठरवून ठेवा. ज्येष्ठ कुणी सोबत असेल तर तिकीट काढतानाच चाकाची खुर्ची नोंदवा, तिचे पैसे लागत नाहीत. आणि इंदूर ते पोर्ट ब्लेअर सगळा प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगवर घ्या. दोन वेगळी तिकिटं हजार-पाचशेनं स्वस्त दिसतात, पण पहिल्या विमानाला उशीर झाला तर दुसरी कंपनी तुम्हाला ओळखत नाही. शोधताना शहराचं नाव कुठे पोर्ट ब्लेअर, कुठे श्री विजयपुरम दिसेल. सप्टेंबर २०२४ मध्ये नाव बदललं, विमानतळाचा कोड मात्र आयएक्सझेडच आहे.

आमची हॅवलॉकची बोट अर्थात आमच्याविना गेली. खासगी बोटीचे पैसे बुडाले, त्यांनी तिकिटावरची अट बोटानं दाखवली आणि विषय संपला. सरकारी बोट खूप स्वस्त पडते, पण तिचं बुकिंग थोडेच दिवस आधी उघडतं आणि जागा पटकन भरतात. उतरल्या दिवशीची किंवा लगेच दुसऱ्या सकाळची बोट कधीच काढू नका. पहिला दिवस पोर्ट ब्लेअरलाच ठेवा.

बेटांवर काय चाललंय ते आमच्या टॅक्सीवाल्याच्या गाडीत दिसलं. त्याच्या डॅशबोर्डवर चिकटपट्टीनं एक कागद लावलेला होता, विमानं उतरण्याच्या वेळांचा. ओळीमागून ओळ निळ्या बॉलपेननं खोडलेली, काही ठिकाणी खोडून वर नवी वेळ, ती पुन्हा खोडलेली. मी विचारलं तर म्हणाला, "अंकल, इसी कागज़ से हमारा घर चलता है. पहले लोग हफ्ता रुकते थे, अब चार दिन में भागते हैं." तिकिटातच इतका पैसा जातो की लोक मुक्कामाच्या रात्री कमी करतात. रात्री कमी झाल्या की आधी शहीद द्वीप, म्हणजे जुनं नील बेट कापतात, मग डायव्हिंग, मग बाहेरचं जेवण. हॅवलॉकला ज्या डायव्हिंगवाल्याकडे मुलांना पाठवलं त्याची बोट अर्धी रिकामी होती. त्याचा एक प्रशिक्षक हंगाम संपायच्या आतच गावी परतला होता. शेजारच्या खानावळीत लांबलचक मेनू, पण मिळत होतं डाळ, भात आणि मासा. भाजी मुख्य भूमीवरून जहाजानं येते, गिऱ्हाईक नसेल तर मागवून करणार काय?

याचा तुम्हाला फायदाही आहे आणि तोटाही. खोल्यांच्या भावात घासाघीस होते, समोर उभं राहून विचारलं तर ऑनलाइनपेक्षा बरंच कमी सांगतात. टॅक्सी मात्र चढी. गिऱ्हाइकं थोडी असली की एकाच फेरीत दिवसाची कमाई काढायला बघतात. विमानतळापासून जेट्टी फार लांब नाही, पाचेक किलोमीटर, त्याचे आम्हाला आठशे सांगितले. मी भांडलो, पाचशेवर आलं, तरीही जास्तच. प्रीपेड खिडकी असेल तिथूनच गाडी घ्या. हॅवलॉकला जेट्टीपासून राधानगर किनारा बारा किलोमीटर आहे, तिथे बस जाते, तरुणांनी स्कूटर भाड्यानं घ्यावी. टॅक्सीवाल्यावर राग धरू नका, पण मागेल तेवढं देऊही नका.

खरा मार तिथल्या रहिवाशांना बसतो. परतीच्या रांगेत आमच्या पुढे एक बाई होत्या, हातात क्ष-किरण फिल्मचं मोठं पाकीट. चेन्नईला उपचारासाठी नेहमी जावं लागतं म्हणाल्या. ज्या तिकिटावर आम्ही सहलीच्या नावानं कुरकुर करत होतो, तेच त्यांनी दवाखान्यासाठी काढलेलं. पर्यटक घरी बसू शकतो, त्यांनी काय करायचं? या मार्गावर भाड्याला कायमची वरची मर्यादा हवी, असं माझं ठाम मत आहे. जिथे दुसरा रस्ताच नाही, तिथे मागणी-पुरवठ्याच्या गप्पा कुणाला सांगता?

सेल्युलर जेल. १९०६ मध्ये बांधून पूर्ण झालेला, सात शाखांपैकी आता तीनच उभ्या आहेत. १९११ ते १९२१ सावरकर इथे होते. कोठडी वरच्या मजल्यावर अगदी टोकाला आहे, जिने चढावे लागतात, म्हणून सकाळी उन्हाच्या आत जा. आई कठड्याला धरून चढली, आत गेली, बराच वेळ भिंतीला हात लावून उभी राहिली. ध्वनी-प्रकाशाचा खेळ संध्याकाळी असतो. आमचा पहिला दिवस चेन्नईनं खाल्ल्यामुळे तो शेवटच्या संध्याकाळी ओढूनताणून बसवावा लागला. इंदूर-पुणे-नागपूरची मराठी माणसं इथे देवदर्शनाच्या भावनेनं येतात, त्यातली बरीच साठी ओलांडलेली, पेन्शनवरची. भाडं दुप्पट झालं की यादीतून आधी तीच गळतात.

दिवस कापले गेले तर काय सोडायचं? बाराटांग बेट सोडा. मध्यरात्रीनंतर उठून जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून पोलिसी ताफ्याच्या वेळा पाळत जायचं, आणि चुनखडीची गुहा बघून त्याच रस्त्यानं परत. दिवस जातो, अंग मोडतं. शहीद द्वीप शांत आहे, छान आहे. राधानगरची एक संध्याकाळ मात्र कुठल्याही परिस्थितीत सोडू नका.

तारखा ठरवताना दिवाळीनंतरचा आठवडा आणि नाताळ टाळा, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राची सगळी गर्दी तेव्हाच तिकडे निघते. पावसाळ्यात भाडं उतरतं, पण समुद्र खवळला की बोटी बंद, तेव्हा त्या स्वस्ताईला भुलू नका. फेब्रुवारी-मार्च, आठवड्याच्या मधल्या वारी, हे त्यातल्या त्यात बरं. परतीच्या विमानानंतर इंदुरात दुसऱ्याच दिवशी लग्न, परीक्षा किंवा ऑफिसची महत्त्वाची बैठक ठेवू नका. एक मोकळा दिवस हवाच.

वेळ हाताशी असलेल्यांनी कोलकात्याचा विचार करावा. शिप्रा एक्सप्रेसनं हावडा, तिथून विमान. चेन्नईचं भाडं डोक्यावरून गेलं की कोलकात्याचं कधीकधी हजारांनी कमी दिसतं, दोन्ही एकाच वेळी तपासा. जहाजही तिथून सुटतं, चेन्नई आणि विशाखापट्टणमहूनही. पण महिन्यात मोजक्याच फेऱ्या, तारखा ऐनवेळी सरकतात, आणि बंकचा, म्हणजे सामायिक दालनातल्या फळीवर झोपायचा वर्ग म्हणजे साठेक तास दणदणीत हेलकावे. निवृत्त, तब्येतीनं धडधाकट आणि ज्यांना समुद्र लागत नाही, त्यांनी केबिनचं तिकीट काढून एका बाजूनं जहाज, दुसऱ्या बाजूनं विमान असं करावं. परतीचं विमान जहाजाच्या तारखेला चिकटवू नका, मध्ये चांगलं अंतर ठेवा.