काटा कोणता आणि प्रिंटर कोणता, हे संगणकाने कसे ओळखावे?

डिचोलीतील एका काजूबी खरेदीच्या दुकानात लिनक्सवर चालणारा संगणक आहे. त्याला वजनकाटा आणि पावती छापणारा प्रिंटर जोडलेला असून दोन्ही जुन्या सिरियल पोर्टची असल्यामुळे यूएसबीच्या स्वस्त कन्व्हर्टरमधून येतात. मे महिन्यात वळिवाच्या सरी सुरू झाल्या की वीज जाते-येते, संगणक पुन्हा सुरू होतो आणि कधीतरी बिलिंगचा प्रोग्राम वजन विचारायला चक्क प्रिंटरकडे जातो. शेटांच्या मते काटा बिघडला होता. काटा ठणठणीत होता.

लिनक्सचे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, अशा उपकरणांना सापडतील त्या क्रमाने नाव देते: पहिले टीटीवाय-यूएसबी-०, दुसरे टीटीवाय-यूएसबी-१. हा क्रम कुठेही नोंदवलेला नसतो, आणि एखाद्या उपकरणाने उत्तर द्यायला क्षणभर उशीर केला तरी तो उलटतो. डिस्कच्या एसडीए, एसडीबी या नावांचेही तेच आहे. मात्र तिथे उबुंटूसारखी बहुतेक लिनक्स वितरणे एफएसटॅबमध्ये, म्हणजे डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, फाइलसिस्टिमचा यूयूआयडी हा एकमेव ओळखक्रमांक स्वतःच लिहितात, म्हणून आपल्याला त्याची झळ लागत नाही.

सिरियल उपकरणांसाठी ही व्यवस्था आपणच करावी लागते आणि तिचे साधन म्हणजे यूडेव्ह. ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी २००३ मध्ये सुरू केलेला आणि २०१२ पासून सिस्टिमडीच्या (लिनक्स सुरू करून सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीच्या) कोडमध्ये सामील झालेला हा प्रोग्राम, कर्नलने नवे उपकरण कळवताच त्याचे गुणधर्म वाचतो, नियमांशी ताडून पाहतो आणि मूळ नावाला हात न लावता त्याच्याकडे बोट दाखवणारी वेगळी लिंक तयार करतो. बिलिंगच्या प्रोग्रामला ही लिंक द्यायची. मग मागे ० असो वा १, त्याला फरक पडत नाही.

ओळख सहसा सिरियल क्रमांकावरून पटवतात, पण या दुकानात तो मार्ग बंद होता. कन्व्हर्टरमधल्या एफटीडीआय कंपनीच्या चिपमध्ये बहुधा असा क्रमांक असतो, तर स्वस्त सीएच-३४० चिपमध्ये तो सहसा नसतोच. दोन्ही कन्व्हर्टरचा उत्पादक क्रमांक १ए८६ आणि उत्पादन क्रमांक ७५२३, अगदी जुळ्या भावांसारखे. परिणामी यूडेव्ह ओळखीवरून आपोआप लिंक बनवतो त्या 'बाय-आयडी' फोल्डरमध्ये दोन उपकरणांसाठी एकच लिंक दिसत होती. त्यामुळे उपकरण कोण आहे हे सोडून ते कुठे खोचले आहे याला नाव दिले. यूडेव्हएडीएम या यूडेव्हच्याच साधनाच्या इन्फो आदेशाने यूएसबी पोर्टचा मार्ग पाहिला आणि नियमात लिहिले की या पोर्टवरील सिरियल उपकरण म्हणजे काटा आणि त्या पोर्टवरील म्हणजे प्रिंटर. नियम पुन्हा वाचायला लावून दोन्ही वायरी काढल्या, उलट क्रमाने पण आपापल्या पोर्टमध्ये खोचल्या. वजन बरोबर आले. याची किंमत म्हणजे वायरींची जागा पक्की झाली, म्हणून पोर्टपाशी आणि वायरीवर एकाच रंगाची चिकटपट्टी लावून शेटांना सांगितले, "लाल वायर लाल भोकातच." मधे हब घातला तर मार्ग बदलेल आणि नियमही बदलावा लागेल.

नेटवर्क कार्डांची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण उपकरणांच्या फाइली जिथे असतात त्या 'डेव्ह' फोल्डरमध्ये त्यांची फाइलच नसते. लिंक करण्यासारखे काही नसल्याने मूळ नावच बदलावे लागते. पूर्वी मॅक पत्त्यावरून (कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकावरून) इथ-०, इथ-१ ही नावे पक्की करत, पण त्याच वेळी कर्नलही तीच नावे वाटत असल्याने टक्कर होत असे. जानेवारी २०१३ मधील सिस्टिमडीच्या १९७ व्या आवृत्तीपासून ईएनपी३एस० अशी, कार्ड आत कुठे बसले आहे ते, म्हणजे पीसीआय बस आणि स्लॉट, सांगणारी नावे आली. ती मला दिसायला कुरूप वाटतात, तरी बाजू त्यांचीच घेईन. मात्र ती अढळ नाहीत: नवे कार्ड बसवल्यावर बसचा क्रमांक सरकून ३ चे ४ होऊ शकते. असा धोका असेल तिथे मॅक पत्त्यावर आधारलेली '.link' नावाची सेटिंगची फाइल लिहून वेगळेच नाव द्यावे. दुकानातल्या संगणकात नेटवर्क कार्ड एकच आहे, त्यामुळे तिथे मी काहीच बदलले नाही.