आईचं बोट

"माझं बोट ओळखत नाही का रे हा?" आज सकाळी कमला नेहरू पार्कातल्या बाकावर आईने विचारलं. टॅबवर पेपर वाचत होती. पान उलटायला तीनदा बोट फिरवलं, पान ढिम्म हलेना. मग तिने बोट जिभेला लावलं, पोथी वाचताना लावते तसं, आणि पान उलटलं.

ते ओलं बोट डोक्यातून जात नाहीये.

आताची काच दाब ओळखत नाही, बोटामुळे विजेच्या भारात होणारा बारीकसा बदल ओळखते. वयानं कातडी कोरडी पडली की काचेला स्पर्श नीट कळत नाही. २००५ च्या नोकिया ७७० या छोट्या टॅबचा स्क्रीन दाबावर चालायचा, अगदी नखानेसुद्धा. २००७ च्या नोकियाच्याच एन८१० चा तर उन्हातही वाचता यायचा. आणि आज आई टॅबवर पदराची सावली धरून बसली होती.

पुढच्या टॅबला आणखी कॅमेरे नकोत, आणखी पातळही नको. सत्तरीतलं कोरडं बोट त्याला कळू दे, उन्हात अक्षर दिसू दे. एवढंच मागणं आहे.

तुमच्याकडे कोण असं बोट ओलं करतं?