हरभऱ्याची आंब

आमच्याकडं ॲसिडिटीची तक्रार करणारा माणूस बहुतेक वेळा अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी आणि ठेचा पुढ्यात घेऊनच तक्रार करतो. घशाशी जळजळतंय म्हणतो आणि वर कैरीची फोड मागतो. जिभेला हवं ते पोटाला सोसत नाही, तरी सुटत नाही.

पोटातलं आम्ल मात्र गमतीचं नाही. ते हायड्रोक्लोरिक आम्ल, पीएच म्हणजे आम्लतेचा आकडा साधारण १.५ ते ३.५. पीएचची ही मोजपट्टी सोरेन्सन या डॅनिश शास्त्रज्ञानं १९०९ साली मांडली, तीही बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत. तिचा आकडा एकानं उतरला की आम्लता दहापट होते.

रानात बरोबर उलटं. आपली काळी जमीन चुनखडीची, पीएच आठाच्या आसपास. अशा मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. जालन्याकडच्या मोसंबीची कोवळी पानं पिवळी दिसली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर कारण बहुधा हेच. मग हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, फवारायचा. माणसाच्या पोटात आम्ल जास्त म्हणून गोळी, झाडाच्या मुळाशी कमी म्हणून फवारणी!

हरभऱ्याला ही उसनवारी फारशी लागत नाही. त्याची मुळं स्वतःच आम्ल सोडतात आणि मातीत अडकलेलं स्फुरद (फॉस्फरस) मोकळं करतात. वर पानांवर बारीक लव असते, तिच्यातून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरतं. म्हणून तर हरभऱ्यातून अनवाणी फिरलं की पाय चुणचुणतात आणि कोवळे शेंडे खुडताना बोटं आंबट होतात. पौषातल्या दवाच्या रात्री जुनी माणसं पिकावर स्वच्छ धोतर पसरून ठेवत. पहाटे ते दवानं जड झालेलं असे. पिळून निघालेलं आंबट पाणी म्हणजे आंब, ती काचेच्या बाटलीत भरायची. धातूच्या भांड्यात नाही, ती धातूला खाते. पोट दुखलं, अपचन झालं की पाण्यात थोडी आंब. पोटाच्या तक्रारीवर आम्लाचाच उतारा. घशाशी जळजळ असणाऱ्यानं मात्र या वाटेला जाऊ नये, हे माझं मत.

आता घाटेअळीसाठी हरभऱ्यावर फवारण्या होतात आणि धोतरात दवाबरोबर तेही औषध उतरतं. त्यामुळं कुणी आंबेची बाटली पुढं केली, तर आधी विचारायचं, रान कुणाचं आणि शेवटचा फवारा कधी मारला?