रॉयल क्रेसेंट पुढून नव्हे, मागून बघा

गेल्या वर्षी एका टूरबरोबर इंग्लंडमधल्या बाथ शहरात गेलो होतो. कार्यक्रमात ठळक अक्षरांत ‘रॉयल क्रेसेंट’ होतं, म्हणजे चंद्रकोरीसारखी वळलेली जुन्या घरांची रांग. प्रत्यक्षात हिरवळीच्या कडेला बारा मिनिटं, फोटो, आणि चला बसमध्ये. पैसे मात्र पुरते घेतले. ती चीड मनात होती म्हणून यंदा लंडनच्या पॅडिंग्टनहून आगगाडी पकडून एकटाच गेलो.

बाथच्या स्टेशनवरून चालतच जा, पण सामान घेऊन जाऊ नका. नकाशावर वाट सरळ दिसते, गे स्ट्रीटचा चढ दिसत नाही. पाठीवर अकरा किलो होते. वर ‘सर्कस’ला पोचेपर्यंत मांड्या भरून आल्या. ही गोल वस्ती वास्तुविशारद थोरल्या जॉन वुडची. १७५४ मध्ये काम सुरू झालं. एकावर एक तीन मजले, तिन्हींचे खांब वेगळ्या शैलीचे. इथे दम खा. पुढे ब्रॉक स्ट्रीटच्या टोकापर्यंत क्रेसेंटचा मागमूस लागत नाही. कोपरा वळलात की ती प्रचंड वळलेली रांग एकदम समोर येते.

थोरल्याच्या मुलाने, धाकट्या जॉन वुडने, १७६७ ते १७७५ मध्ये बांधलेली ३० घरं आणि ११४ आयोनिक (माथ्याला गुंडाळीसारखी वळणं असलेल्या ग्रीक शैलीचे) खांब. तळमजला मुद्दाम साधा ठेवलाय, खांब त्याच्या वरून सुरू होतात. त्यामुळे सगळी रांग एकाच राजवाड्यासारखी दिसते.

कोपऱ्यावरचं नंबर एक सर्वांत आधी बांधलं गेलं. आता तिथे संग्रहालय आहे. तिकीट काढाच. वर उंच खिडक्यांची दिवाणखान्याची खोली, खाली तळघरात स्वयंपाकघर. मालकांचं आणि नोकरांचं जग जिन्यांनीच वेगळं केलंय, हे तिथे उभं राहिल्यावरच कळतं. दोन तास हाताशी ठेवा.

आणि मग मागच्या क्रेसेंट लेनमध्ये जा. हे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. वुडने फक्त दर्शनी भाग आखला. ज्याने जेवढी लांबी विकत घेतली, त्याने मागे आपल्या गवंड्याकडून हवं तसं घर उभारलं. छपरं खालीवर, खिडक्या कुठेही, एक भिंत पुढे तर शेजारची आत. या वास्तूचं खरं कोडं इथेच उलगडतं. पुढून बघून परतलात तर निम्मंच बघितलंत.

रोमन बाथ्स (रोमनकालीन स्नानगृहं) दुसऱ्या दिवशी केले, छान आहेत. क्रेसेंटच्या दिवसात ते कोंबू नका. आणि लेनमध्ये उजेड असतानाच पोचा. मी पोचलो तेव्हा ऊन कलत होतं, पाय बोलत होते, तरी अर्धा तास तिथून हललो नाही.