तोरणमाळवरून बुधाची शेपटी टिपताना

बुधाला शेपटी असते म्हटलं की लोक आधी हसतात. पण असते, आणि तीही सोडियमची. सूर्यकिरण, सौरवारा आणि बारीक उल्काधुळीच्या माऱ्यानं बुधाच्या पृष्ठभागावरून सोडियमचे अणू सुटतात, सूर्यप्रकाशाचा दाब त्यांना मागे ढकलत नेतो. बुधाभोवती सोडियम आहे हे कळलं १९८५ मध्ये, तेही जमिनीवरच्या दुर्बिणीतून. ही शेपटी टिपायला हौशी माणसाला ५८९ नॅनोमीटरचा, म्हणजे सोडियमचा पिवळा प्रकाश तेवढा आत सोडणारा फिल्टर, बरी लेन्स, कॅमेरा आणि आकाशाबरोबर फिरणारा माउंट पुरतो.

फिल्टर बाहेरून मागवला. कस्टम ड्युटीचा आकडा घरी सांगितला नाही. आल्या आल्या त्याची परीक्षा गॅसच्या शेगडीवर घेतली. ज्योतीवर मिठाचं पाणी शिंपडलं की ती पिवळी होते. हाच सोडियमचा प्रकाश. फिल्टर डोळ्यापुढे धरला तर निळी ज्योत गायब, पिवळे झोत तेवढे शाबूत. आई म्हणाली, "हाई काय चाली ऱ्हायनं?" तिच्या हातात फिल्टर दिला. तिनंही पाहिलं, आणि मग मलाच शेगडी पुसायला लावली.

खरी अडचण वेळेची. सूर्याच्या वर्णपटात नेमक्या सोडियमच्या जागी काळ्या रेषा आहेत. बुध सूर्याच्या सर्वांत जवळ असतो तेव्हा तो सूर्याकडेही येत नसतो आणि दूरही जात नसतो, म्हणून अणूंच्या वाट्याला त्या काळ्या रेषेतला तोकडा उजेड येतो. पुढे बुध दूर सरकू लागला की डॉप्लर परिणामामुळे (दूर जाणाऱ्याला प्रकाशाचा रंग किंचित सरकलेला मिळतो) अणू रेषेच्या बाहेरचा भरपूर प्रकाश शोषतात, जोरात ढकलले जातात आणि चमकतातही. साधारण १६ दिवसांनी शेपटी सर्वांत तेजस्वी होते. २०२३ मध्ये बुध १ एप्रिलला सूर्याजवळ होता, ११ एप्रिलला संध्याकाळच्या आकाशात सूर्यापासून सर्वांत लांब, आणि २० तारखेला अमावस्या. असं सगळं एकदम जुळणं दुर्मीळ.

धुळ्यातून जमणारं नव्हतं. एप्रिलमध्ये पश्चिमेला धुळीचा पडदा असतो, आणि कुठे जुने सोडियमचे दिवे उरले असतील तर हा फिल्टर त्यांचा उजेड अदबीनं आत घेतो. शहाद्यावरून घाट चढून तोरणमाळ गाठलं. त्या एप्रिलात अवकाळी पावसानं आकाश धुऊन काढलं होतं. खाली लोकांच्या कांद्याचं नुकसान झालेलं, त्यामुळे आनंद उघडपणे दाखवायची सोय नव्हती.

सूर्य मावळला, वर शुक्र ठळक दिसू लागला. बुध आधी दुर्बिणीत सापडला. आकाश पुरेसं काळं होईपर्यंत तो जेमतेम सात-आठ अंशांवर उरतो, म्हणजे हाताशी अगदी थोडा वेळ. अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे फोटो सपाट्यानं काढले. मध्येच बुध चौकटीत मुद्दाम सरकवला, कारण लेन्समधलं प्रतिबिंब असेल तर ते बुधाच्या मागे न जाता भलतीकडे पळतं. सोडियमचा प्रकाश अडवणाऱ्या हिरव्या फिल्टरमधूनही काही फोटो घेतले, तुलनेसाठी.

घरी फोटो एकावर एक रचले, आकाशाचा उजेड वजा केला. बुधापासून सूर्याच्या उलट दिशेला, म्हणजे वर, फिकट पट्टा निघाला. चौकटीत बुध कुठेही असो, पट्टा त्याला चिकटलेलाच. हिरव्या फोटोंत मात्र नावालाही नाही. अमेरिकेतल्या मॅकडोनाल्ड वेधशाळेतून ही शेपटी दोन अंशांहून लांब टिपली गेली आहे. माझ्या फोटोत जेमतेम सुरुवात आहे, पण आहे.

संध्याकाळचा तो मेळ पुढे बिघडत गेला. २०२४ मध्ये १६ वा दिवस ३ एप्रिलच्या आसपास आला, पण तोवर बुध सूर्याकडे परत झुकला होता. कुणाला करून बघायचं असेल तर २०२६ च्या नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा बघा, पहाटे, पूर्वेला. २४ ला पौर्णिमा आहे, चंद्र त्रास देईल. तोरणमाळला तेव्हा धूळ नसते, पण थंडी झोंबते. मफलर आणि कॅमेऱ्याची जादा बॅटरी, दोन्ही न्या.