उंट, चिमणी, हरीण आणि एक पाकीट

शहामृगाचं चामडं ओळखायला डोळे लागत नाहीत, अंगठा फिरवला की पुरे. बारीक उंचवटे लागतात आणि नीट चाचपलं तर प्रत्येकाच्या माथ्यावर टाचणीएवढं छिद्र. तिथे कधी काळी एक पीस उगवलेलं होतं. महागडी पर्स हातात घेऊन हरखलेला माणूस खरं तर सोललेल्या कोंबडीच्या कातडीचंच थोरलं रूप न्याहाळत असतो, पण हे त्याला त्या क्षणी सांगू नये.

हे ठिपके अंगभर सारखे नसतात. पाठीच्या मधोमध, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराच्या भागात ते दाट असतात. व्यापारात त्या भागाला ‘क्राउन’ म्हणतात आणि सगळी किंमत त्याचीच. कडेला गेलं की ठिपके विरळ होत होत संपतात. पायांचं कातडं तर अगदीच निराळं, खवल्याखवल्यांचं. त्याचे घड्याळाचे पट्टे करतात आणि पाहणारा हमखास सरड्या-घोरपडीच्या कुळाचा अंदाज बांधतो.

गंमत अशी की मुळात हे कातडं कुणाला नकोच होतं, हवी होती पिसं. दक्षिण आफ्रिकेत १८६० च्या दशकापासून शहामृगं पाळायला लागले ते युरोप-अमेरिकेतल्या बायकांच्या टोप्यांसाठी. पक्षी न मारता पिसं कापून घ्यायची, काही महिन्यांनी पुन्हा येतात. पीक काढावं तसा हिशेब. आउट्सहोर्न नावाच्या गावात पिसांच्या पैशावर वाडे उभे राहिले, त्यांना आजही ‘पिसांचे महाल’ म्हणतात. त्या देशाच्या निर्यातीत सोनं, हिरे आणि लोकरीच्या खालोखाल पिसं होती. मग उघड्या मोटारी आल्या, वाऱ्यात भल्यामोठ्या टोप्या टिकेनात, फॅशन बदलली, १९१४ मध्ये महायुद्ध लागलं आणि धंदा कोसळला. चामड्याचा बाजार तयार झाला तो बराच नंतर. म्हणजे आधी पिसांना भाव होता, आता पिसं जिथे नाहीत त्या जागांना आहे!

एवढा अडीच मीटर उंचीचा, शंभराहून जास्त किलो वजनाचा, ताशी ७० किलोमीटरच्या आसपास पळणारा प्राणी, पण त्याला धड स्वतःचं नाव देणारे लोक थोडेच निघाले. ग्रीकांनी त्याला म्हटलं ‘मोठी चिमणी’. बहुधा विनोदबुद्धी चांगली असावी. पुढे त्या चिमणीला उंट जोडला गेला आणि १७५८ मध्ये लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने शास्त्रीय नाव ठेवलं त्यातही दोघं आहेतच: स्ट्रुथिओ कॅमेलस. इंग्रजीतल्या ऑस्ट्रिचच्या पोटातही तोच स्ट्रुथिओ लपलाय. फारसीत शुतुरमुर्ग, म्हणजे उंटपक्षी. तुर्की आणि चिनी भाषांनाही उंटच दिसला; लांब मान, जाड पाय, वाळवंट, दिसणारच. मराठीत येईतो उंट कुठेतरी गळाला, ‘मुर्ग’चा मृग झाला आणि पुढे ‘शहा’ येऊन बसला. चिमणीपासून निघालेला पक्षी आपल्याकडे पोचेपर्यंत राजेशाही हरीण झाला. त्यात प्लिनी नावाच्या रोमन गृहस्थांनी लिहून ठेवलं की हा झुडपात मान खुपसतो आणि आपण अख्खे लपलो असं समजतो. त्या झुडपाची पुढे वाळू झाली आणि बदनामी कायमची चिकटली. प्रत्यक्षात तो फार तर मान जमिनीलगत पसरून बसतो.

चामड्याच्या दुनियेत नावांचा हा गोंधळ एकट्या शहामृगाचा नाही. स्वेड या मऊ, लवदार चामड्याचं नाव स्वीडनवरून पडलं, तिथल्या हातमोज्यांमुळे. घोड्याच्या पुठ्ठ्याची, म्हणजे ढुंगणाकडच्या भागाची, कथा तर फारच मजेशीर आहे. शाग्रीन हा शब्द तुर्कीतून आला, अर्थ घोड्याचा पुठ्ठा. पण आज शाग्रीन म्हणून विकलं जातं ते पाकट माशाचं किंवा मुशीचं (शार्कचं) दाणेदार कातडं, तेच जे जपानी तलवारींच्या मुठींवर पकड पक्की राहावी म्हणून लावत. दुसरीकडे कॉर्डोव्हन म्हणजे स्पेनमधल्या कोर्दोबा शहराचं बकऱ्याचं चामडं, ते नाव आज घोड्याच्या पुठ्ठ्याला मिळालंय. घोड्याने आपलं नाव माशाला दिलं आणि बकऱ्याचं घेतलं. मगरींचंही तेच. ॲलिगेटर हा स्पॅनिश ‘एल लागार्तो’, म्हणजे पाल किंवा सरडा! जाणकार मात्र नावावर जात नाहीत. क्रॉकोडाइलच्या अंगावरच्या खवल्यांवर बारीक संवेदक ठिपके असतात, ॲलिगेटरचे फक्त जबड्याभोवती असतात. तेवढ्यावरून पट्टा कुणाचा ते सांगतात.

माझ्याकडे एक पाकीट आहे, त्यावर ‘ऑस्ट्रिच’ असं ऐटीत लिहिलंय आणि आत ‘अस्सल लेदर’. दोन्ही विधानं एकत्र वाचली की फसगत होते. अस्सल आहे ते गाईचं. ठिपके साच्याखाली दाबून उठवलेले, सगळे एका मापाचे, एका अंतरावर, थोड्या थोड्या अंतराने तीच नक्षी पुन्हा. छिद्र एकालाही नाही. खऱ्या पाठीवर दोन ठिपके एकसारखे सापडत नाहीत, कारण पिसंही एकसारखी नव्हती. तरी मला या लबाडीचा राग येत नाही. दुर्मीळ प्राण्याचं कातडं खिशात बाळगण्यापेक्षा त्याचा ठसा बाळगणं बरं, असं माझं मत आहे; फक्त लेबलवर ‘ऑस्ट्रिचसारखं’ एवढं लिहायला काय जातं?

मगर-अजगराच्या वस्तू देशाबाहेर नेताना साईट्स कराराचे, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या, १९७५ पासून अमलात असलेल्या आंतरराष्ट्रीय कराराचे कागद लागू शकतात आणि त्या कागदांवर प्राण्याचं शास्त्रीय नावच चालतं, दुकानातलं नाही. शहामृगांपैकी या कराराच्या यादीत आहेत ते उत्तर, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या काही देशांतले रानातले कळप. दक्षिण आफ्रिकेतले पाळीव पक्षी त्यात नाहीत. माझ्या पाकिटाला तर कसलाच कागद नको, गाय कुठल्याच यादीत नाही.